डीजे नावाचा माणूस

आमच्या गावाकडं विसर्जनाच्या दिवशी दुपारी चारपासून एकच चौकशी सुरू होते, "डीजे आला का?" मग कुणीतरी फोन लावतो आणि बातमी आणतो, "खंबाटकीत अडकलाय. टायर बसला." म्हणजे डीजे हे एक वाहन आहे. टेम्पो, त्यावर दोन पुरुष उंचीचे रचलेले खोके, मागं जनरेटर, वर फिरणारे दिवे. कुठल्या मंडळानं किती खोक्यांचा डीजे आणला, यावर त्याची पत ठरते. त्या खोक्यांच्या आडोशाला लॅपटॉप घेऊन एक पोरगा बसलेला असतो, घामानं निथळत, कानात कापसाचे बोळे कोंबून. त्याला कुणी डीजे म्हणत नाही. त्याला 'ऑपरेटर' म्हणतात.

सातारा-सांगली-कोल्हापूरकडं याच वस्तूला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्यानं १९६५ साली लंडनमध्ये प्रयोगशाळा काढली ती टेपवरची सरसर घालवण्यासाठी. नको असलेला आवाज कमी करणं हा त्याचा धंदा. आम्ही त्याचं नाव आवाजाच्या भिंतीला दिलं आणि पुढं 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' असे फलकही लावले. शब्दांचं असं होतं, तक्रार नाही. पण 'डीजे' या शब्दातून माणूसच निघून गेला आणि खोके उरले, हे मला सलतं. कारण गेली वीस वर्षं मी डिस्कोच्या जुन्या रेकॉर्डी जमवतोय, आणि त्या रेकॉर्डींच्या मागं मला जे सापडत गेलं ते खोक्यांचं नाही, कानांचं प्रकरण आहे.

कबुली आधीच देतो. माझा डिस्को न्यूयॉर्कचा नव्हे. १९८२ साली 'डिस्को डान्सर' आला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. मंडळाच्या कर्ण्यावर ती कॅसेट इतकी वाजली की फीत ताणून गाणी सुरात उतरायला लागली होती. ती उतरलेली पट्टीच मला खरी वाटायची. कितीतरी वर्षांनी मूळ वेगात ती गाणी ऐकली तर घाईत गायल्यासारखी वाटली. असा बिघडलेला कान घेऊन मी मुंबईच्या चोरबाजारात एका दुकानदारासमोर बसलो होतो. त्यानं धूळ पुसून एक रेकॉर्ड लावली. बारा इंची, पण एका बाजूला एकच गाणं. तीन मिनिटं झाली, गाणं संपेना. चौथ्या मिनिटाला गायक गप्प झाले, मग व्हायोलिनं गेली, मग नुसता ड्रम राहिला. मला वाटलं सुई अडकली. दुकानदार म्हणाला, "थांबा. आता येतंय."

ते काय येतं, त्याचीच ही गोष्ट.

न्यूयॉर्क राज्यातल्या यूटिका गावात १९४४ साली डेव्हिड मॅन्कुसो जन्मला आणि काही दिवसांतच अनाथालयात पोचला. तिथं सिस्टर अलिशिया नावाची एक जोगीण होती. पोरांना जमवायची, फुगे बांधायची, खाऊ मांडायची आणि रेकॉर्ड लावायची. मॅन्कुसोच्या आयुष्यातली ही पहिली खोली. मोठेपणी तो न्यूयॉर्क शहरात आला आणि ६४७ ब्रॉडवे या पत्त्यावर एका जुन्या कारखानी इमारतीतल्या माळ्यावर राहू लागला. १९७० च्या १४ फेब्रुवारीला त्यानं मित्रमंडळींना घरी बोलावलं. आमंत्रणावर 'लव्ह सेव्ह्ज द डे' असं छापलं होतं. आद्याक्षरं जोडली की एलएसडी होतं. तो काळ आणि ती मंडळी काय घेत होती हे त्यात उघड आहे, लपवण्यात अर्थ नाही. पुढं त्या घराला लोक 'द लॉफ्ट' म्हणू लागले, म्हणजे माळाच.

तिथं दारू विकत नसत. दोन-अडीच डॉलर वर्गणी, त्यात सरबत, फळं, खाणं. छताला फुगे. आमंत्रण असेल त्यालाच प्रवेश. येणाऱ्यांत कृष्णवर्णीय, पोर्टो रिकोतून आलेले, समलिंगी पुरुष, स्त्रिया, गोरे, सगळे. एकोणसत्तरच्या जूनमध्ये स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोकांनी उलटून प्रतिकार केला, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. दोन पुरुष एकत्र नाचले म्हणून पकडले जाण्याचे ते दिवस. कुणाच्या तरी घरात, पोलिसांच्या नजरेआड, सकाळपर्यंत नाचता येणं ही त्या लोकांसाठी चैन नव्हती. श्वास होता.

मला मात्र मॅन्कुसोचं जास्त नवल वाटतं ते त्याच्या ऐकण्याचं. त्यानं क्लिपशहॉर्न नावाचे अजस्र स्पीकर लावले, खोलीच्या कोपऱ्यात बसवायचे, म्हणजे दोन्ही भिंतीच भोंग्याचं काम करतात. वरचे बारीक, चमकदार सूर नाचणाऱ्यांच्या डोक्यावरून पडावेत म्हणून छोट्या स्पीकरांचे झुबके छताला टांगून घेतले. ते बनवले ॲलेक्स रोझनर या तंत्रज्ञानं. हा रोझनर पोलंडमधला ज्यू. लहानपणी बापाबरोबर ऑश्विट्झला गेला आणि जगला. बाप व्हायोलिनवादक. छळछावणीत अधिकाऱ्यांच्या मेजवान्यांत त्याला वाजवायला लावत. शिंडलरच्या कथेत ही बापलेकांची जोडी येते. त्या मुलानं मोठं होऊन लोकांनी मोकळेपणी नाचावं म्हणून स्पीकर बनवले. यावर मी काही भाष्य करत नाही.

मॅन्कुसो पुढं पुढं तर रेकॉर्डच्या सुईसाठी जपानी कारागिरानं हातानं घडवलेली 'कोएत्सू' कार्ट्रिज वापरू लागला. नाचाच्या खोलीत असली नाजूक वस्तू ठेवणं म्हणजे तालमीत बोन चायनाचा कप नेणं. आणि आवाज? शंभर डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा त्याचा दंडक. त्यापुढं कान दमतात, दमलेला कान ऐकत नाही, नुसता सोसतो. (आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. विसर्जनाच्या रात्री मी एकदा मीटर घेऊन उभा राहिलो होतो. आकडा सांगत नाही, मंडळ ओळखीचं आहे.)

हाच मॅन्कुसो ब्रुकलिनमधल्या कॅरिबियन लोकांच्या दुकानात रेकॉर्डी चाळताना एका तबकडीशी थांबला. कॅमेरूनच्या मनू दिबांगोचं 'सोल मकोसा'. मुळात हे एका फुटबॉल स्पर्धेसाठी केलेल्या गाण्याच्या पाठीमागच्या बाजूला टाकलेलं. मॅन्कुसोनं ते माळ्यावर लावलं, नाचणाऱ्यांनी दुकानं पालथी घातली, मग रेडिओनं उचललं, आणि १९७३ साली ते बिलबोर्डच्या यादीत ३५व्या क्रमांकापर्यंत गेलं.  रेकॉर्ड कंपन्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की गाणं चालवणारा रेडिओवाल्याखेरीज आणखी एक जण शहरात आहे. १९७५ मध्ये मॅन्कुसो आणि मित्रांनी 'रेकॉर्ड पूल' काढला. कंपन्यांनी नव्या रेकॉर्डी फुकट द्यायच्या आणि डीजेंनी लोक कशावर नाचले ते कळवायचं. आपल्याकडं दूध संघ असतो तसा हा कानवाल्यांचा संघ.

आता दुसरा माणूस. फ्रान्सिस ग्रासो. न्यूयॉर्कच्या पश्चिम ४३व्या रस्त्यावर जर्मन बाप्टिस्टांचं एक जुनं चर्च होतं, त्याचा क्लब झाला, नाव 'सँक्च्युअरी'. वेदीच्या जागी डीजे. साठच्या दशकाच्या अखेरीस ग्रासो तिथं जे करू लागला ते आज प्रत्येक लग्नात होतं, पण तेव्हा कुणी केलेलं नव्हतं. एक गाणं चालू असताना दुसरं हेडफोनमध्ये ऐकायचं, तबकडी बोटानं धरून ठेवायची, खालची चकती फिरतच असते, आणि नेमक्या ठोक्यावर बोट उचलायचं. दोन गाण्यांचे ठोके एकावर एक बसले पाहिजेत. लेड झेपलिनच्या गाण्यातलं विव्हळणं त्यानं शिकागो बँडच्या ड्रमवर चढवलं होतं, ही त्याची गाजलेली करामत.

हे लिहायला सोपं आहे. हळदीच्या कार्यक्रमात करायला गेलो तेव्हा मला कळलं. मित्राच्या मुलीची हळद, जागा कोथरूडमधली गच्ची. उसनी आणलेली दोन टेक्निक्स एसएल-१२०० टर्नटेबलं. हे यंत्र जपानच्या मात्सुशिता कंपनीनं १९७२ मध्ये घरगुती शौकिनांसाठी काढलं. त्यात पट्टा नसतो, मोटर थेट चकती फिरवते, त्यामुळं बोट लावून सोडलं की झटक्यात वेग धरतं. १९७९ च्या सुधारित यंत्रात बाजूला सरकपट्टी आली. वेग आठ टक्के वर किंवा आठ टक्के खाली. डीजेंचं हार्मोनियम म्हणा ना. तर माझ्या उजव्या कानावर हेडफोन, डाव्या कानात गच्ची. आत येणारं गाणं किंचित संथ आहे असं वाटलं म्हणून पट्टी सरकवली, बोटानं चकतीची कड जराशी पुढं ढकलली. जुळलं. मग हेडफोन काढला आणि आवाज बाहेर सोडला. आठ मात्रा सगळं सुरळीत. नवव्या मात्रेला दोन ड्रम एकमेकांपासून सुटले आणि टांगेवाल्याचे दोन घोडे वेगवेगळ्या चालीनं धावल्यासारख्या टापा सुरू झाल्या. पोरी थांबल्या. मी पट्टी सरकवली ती उलट्या बाजूला. टापा वाढल्या. मित्राची बायको हळदीचे हात घेऊनच आली आणि म्हणाली, "भावजी, एकच लावा, पण धड लावा."

चूक माझी होतीच, पण थोडी त्या ड्रमवाल्यांचीही होती. सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डींवर माणूस ड्रम वाजवतो, यंत्र नव्हे. माणूस रंगात आला की लय चढते, गायिका ओळ सोडताना किंचित ओढते. त्यामुळं आज लॅपटॉपवर होतं तसं दोन गाणी एकदा जुळवली आणि हात बाजूला घेतला, असं होत नाही. तबलजीनं गायकाकडं बघत राहावं तसं सतत दोन्ही रेकॉर्डींना धरून राहावं लागतं. मोठ्या ख्यालाला साथ करणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

गंमत अशी की मॅन्कुसोनं पुढं मिसळणं सोडूनच दिलं. ऐंशीच्या दशकात तो रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत जशीच्या तशी वाजवायचा. ती बनवणाऱ्यानं जिथं सुरू केली तिथं सुरू, जिथं संपवली तिथं संप. म्हणजे मित्राच्या बायकोचं आणि त्याचं मत एकच. ग्रासो नाचणाऱ्यांचे पाय ऐकायचा, मॅन्कुसो रेकॉर्ड ऐकायचा. माझं मन कुठं आहे हे सांगितलं पाहिजे. मी मॅन्कुसोच्या बाजूचा आहे, आणि ते केवळ मला मिसळता येत नाही म्हणून नाही.

हे ज्या ठेक्यावर चाललं होतं तो ठेका फिलाडेल्फियात जन्मला. सिग्मा साउंड स्टुडिओत अर्ल यंग नावाचा ड्रमवादक होता. १९७३ च्या 'द लव्ह आय लॉस्ट' या हॅरल्ड मेल्विन आणि ब्लू नोट्सच्या गाण्यात त्यानं पायातल्या मोठ्या ड्रमचा ठोका चारही मात्रांवर दिला, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत झांज किंचित उघडून 'त्स्स' असा आवाज काढला. धम् त्स्स, धम् त्स्स. मृदंगाची थाप जमिनीवर आणते आणि टाळ वर उचलतो, तशी विभागणी. खाली पाय, वर खांदे. मिनिटाला साधारण एकशेवीस ठोके, जिना जरा लगबगीनं चढणाऱ्या माणसाच्या काळजाइतके. कुणालाही न शिकवता नाचता येतं ते यामुळं.

पण गाणं तीन मिनिटांचं. टॉम मोल्टन नावाचा एक देखणा मॉडेल न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर नाच बघत उभा होता. त्याला दिसलं की लोक रंगात येतात नेमकं तेव्हा गाणं संपतं, आणि मंडळी रिंगणाबाहेर पडतात. त्यानं घरी बसून पंचेचाळीस मिनिटांची एक अखंड टेप तयार केली. ऐंशी तास लागले. त्यातून त्याला स्टुडिओत बोलावणी आली. एका गाण्यात पट्टी वर चढत होती, त्यामुळं लांबवलेला तुकडा सुरात जुळेना. त्यानं मधे सूर काढूनच टाकले, नुसता ड्रम ठेवला, मग पुढची पट्टी. अडचण लपवायला केलेली ही युक्ती. नाचणारे त्या रिकाम्या जागेतच सगळ्यांत जास्त पेटले. चोरबाजारात मला सुई अडकली असं वाटलं होतं, ती ही जागा.

बारा इंची 'सिंगल' हाही असाच अपघात. मोल्टनला नमुना तबकडी कापून हवी होती. होझे रॉड्रिगेझ या तंत्रज्ञाकडं सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, दहा इंची शिल्लक होती. तीवर कापलं तर गाणं कडेला बोटभर रुंदीत संपून गेलं, बाकी तबकडी चकचकीत मोकळी. मोल्टनला ते बरं दिसेना. म्हणाला, पसरवून काप. आणि खाचा एकमेकींपासून लांब गेल्या तेव्हा सुईला डावी-उजवीकडं झुलायला जागा मिळाली. आवाज मोठा आला, खालचे सूर भरघोस आले. हे हातात धरून बघण्यासारखं आहे. जुनी एलपी उन्हात तिरकी धरा, खाचा केसासारख्या चिकटलेल्या दिसतील. बारा इंची सिंगल तशीच धरा, ओळी नुसत्या डोळ्यानं मोजाव्याशा वाटतात, आणि जिथं नुसता ड्रम आहे तिथं रंग किंचित बदललेला असतो. डीजे अंधारात त्या रंगावरूनच सुई ठेवायचे. १९७६ मध्ये साल्सोल कंपनीनं डबल एक्स्पोझर या चमूचं 'टेन पर्सेंट' बारा इंचीवर दुकानात आणलं. तोवर अशा तबकड्या फक्त डीजेंना मिळत. वॉल्टर गिबन्स या डीजेनं तीनेक मिनिटांचं गाणं नऊ मिनिटांच्या वर नेलं होतं. रेकॉर्डवर गायकांच्या नावाबरोबर डीजेचं नाव छापलं जाऊ लागलं ते याच सुमाराला.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पटकन उरकतो. १९७७ मध्ये म्युनिकला जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉटी यांनी डॉना समरकडून 'आय फील लव्ह' गाऊन घेतलं आणि यंत्रानं ठेका धरला. त्याच वर्षी स्टुडिओ ५४ उघडलं, दारावर गर्दी, आत नट-नट्या. वर्षअखेरीस 'सॅटरडे नाइट फीव्हर'. तो चित्रपट निक कोन या पत्रकाराच्या १९७६ च्या वृत्तांतावर बेतला होता. वीस वर्षांनी कोननं कबूल केलं की वृत्तांतातला नायक त्यानं मनानंच रचला होता. सबंध जगानं डिस्को म्हणून ज्या पांढऱ्या सुटातल्या पोराला ओळखलं, तो मुळात नव्हताच. जे खरे होते ते माळ्यावर फुग्यांखाली नाचत होते, त्यांच्यावर कुणी चित्रपट काढला नाही.

आणि मग १२ जुलै १९७९. शिकागोचं कॉमिस्की पार्क, बेसबॉलचे लागोपाठ दोन सामने. स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकानं जाहीर केलं, डिस्कोची रेकॉर्ड आणा, ९८ सेंटमध्ये आत या. मैदान भरून लोक बाहेर राहिले. पहिला सामना संपल्यावर रेकॉर्डींनी भरलेलं खोकं मैदानाच्या मधोमध स्फोटानं उडवलं. हजारो लोक मैदानात घुसले, गवत पेटलं, दुसरा सामना यजमान संघाला सोडून द्यावा लागला. त्या दिवशी व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय पोरगा तिथं प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. लोकांनी आणलेल्या रेकॉर्डींतल्या कित्येक डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या काळ्या कलावंतांच्या होत्या, हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि त्यानं ते पुढं अनेकदा सांगितलंय. मला कुणाच्या आवडीनिवडीवर बोट ठेवायचं नाही. डिस्कोत कचराही ढिगानं निघाला होता, बदकाच्या आवाजातलं डिस्कोसुद्धा पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. पण एखादं संगीत नको असेल तर माणूस ते लावत नाही. सुरुंग लावत नाही.

याच शिकागोत, त्या मैदानापासून फार लांब नाही, दक्षिण जेफरसन रस्त्यावर 'वेअरहाऊस' नावाचा क्लब होता आणि तिथं १९७७ पासून फ्रँकी नकल्स रेकॉर्डी लावत होता. न्यूयॉर्कहून आलेला, शिवणकाम-फॅशनचा विद्यार्थी. स्फोटानंतर कंपन्यांनी डिस्कोची खाती बंद केली, नव्या रेकॉर्डी येईनात. नकल्सनं जुन्याच गाण्यांच्या टेपा ब्लेडनं कापून चिकटवायला घेतल्या. आवडीचा तुकडा दुप्पट, नावडता गायब. मग त्याखाली ड्रम-यंत्राचा ठोका. जुन्या साडीची गोधडी होते, उबेला साडीपेक्षा बरी. दुकानात पोरं 'ते वेअरहाऊसमधलं द्या' असं मागू लागली आणि त्या संगीताचं नाव झालं 'हाऊस'. जागा दाखवणारा तो व्हिन्स लॉरेन्स १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सबरोबर 'ऑन अँड ऑन' करून बसला. हाऊसची पहिली रेकॉर्ड म्हणून बहुतेक जण तीच सांगतात. नकल्सच्या नावानं शिकागोनं २००४ साली रस्ता केला.

नकल्सचा जिवलग लॅरी लेव्हॅन न्यूयॉर्कलाच राहिला. ८४ किंग स्ट्रीटवर मोटारींचं जुनं गॅरेज होतं, तिथला क्लब 'पॅराडाइज गॅरेज'. रिचर्ड लाँगनं उभारलेली तिथली ध्वनियंत्रणा हा दंतकथेचा विषय आहे. लेव्हॅन भर रात्री, गर्दी रंगात असताना, शिडी लावून आरशांचा गोळा पुसायला चढायचा. प्रकाश नीट पडत नाहीये, तो आधी. हे ऐकल्यावर मला आमच्या गावचे एक भजनीबुवा आठवले. अभंग ऐन रंगात आला असताना ते थांबून समईची वात सारखी करायचे, आणि कुणी कुरकुरत नसे. लेव्हॅन शिस्तीचा माणूस मात्र नव्हता. व्यसनानं त्याला पोखरलं. सप्टेंबर १९८७ मध्ये गॅरेज बंद झालं, १९९२ मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्यासमोर नाचणारे कितीतरी जण आधीच एड्सनं नेले होते. डिस्को कुणी मारला यावर पुस्तकं आहेत. ती रिंगणं रिकामी कशानं झाली हे मात्र त्या काळच्या मृत्यूच्या बातम्या वाचल्या की कळतं.

आपल्याकडं डिस्को आला तो बंगळूरमार्गे लंडनहून. बिद्दू अप्पय्या हा बंगळूरचा गिटारवाला साठच्या दशकात विलायतेला गेला. १९७४ मध्ये त्यानं कार्ल डग्लसकडून 'कुंग फू फायटिंग' गाऊन घेतलं, तेही रेकॉर्डच्या मागच्या बाजूसाठी, स्टुडिओची वेळ संपता संपता दहा मिनिटांत. ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडं पहिल्या क्रमांकावर गेलं. फिरोझ खाननं त्याला 'कुर्बानी'साठी गाठलं आणि १९८० मध्ये पंधरा वर्षांच्या नाझिया हसनचा तो किंचित नाकातला, निष्काळजी आवाज मुंबईच्या प्रत्येक इराण्यात घुमला. मग 'डिस्को दीवाने', मग नवरात्रात बाबलाचा 'डिस्को दांडिया', मग बप्पी लाहिरी. बप्पीदांनी चाली उचलल्या हे खरं, कुठून उचलल्या हेही आता पोराटोरांना ठाऊक आहे. पण ढोलक आणि सिंथेसायझर एका ठेक्यात बसवण्याची त्यांची हातोटी उचलेगिरीत मोडत नाही.

या गोंगाटात १९८२ मध्ये एचएमव्हीनं एक रेकॉर्ड काढली. 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वाजवणारे चरणजित सिंग, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले जुने वादक. त्यांनी परदेशातून तीन जपानी यंत्रं आणली होती, ठेक्यासाठी रोलंडचं ८०८, खर्जासाठी ३०३ आणि वरच्या सुरांसाठी ज्युपिटर-८. त्यावर भैरव, ललत, भूप, यमन, मालकंस. रेकॉर्ड चालली नाही. शास्त्रीयवाल्यांना ती थट्टा वाटली असणार आणि नाचणाऱ्यांना शिकवणी. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या तीन पोरांनी तेच ३०३ यंत्र पिळून 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं आणि नवा संगीतप्रकार जन्मला असं जग म्हणालं. २०१० मध्ये एका डच संग्राहकानं चरणजित सिंगांची रेकॉर्ड पुन्हा काढली तेव्हा युरोपातले डीजे चक्रावले. सत्तरीतले सिंग यंत्रं घेऊन तिकडच्या रंगमंचांवर वाजवून आले. २०१५ मध्ये मुंबईत वारले. त्यांनी शिकागोच्या पोरांना काही दिलं किंवा घेतलं, असं नाही. पण यमनाची सरगम त्या यंत्राच्या गुळगुळीत घसरणीवर कशी बसते हे या माणसाला मुंबईत बसून ऐकू आलं होतं, एवढं नक्की. माझ्याकडं त्याची नंतरची आवृत्ती आहे. पहिली एकदा हातात आली होती, किंमत ऐकून परत ठेवली.

मॅन्कुसो १४ नोव्हेंबर २०१६ रोजी गेला. माळ्याची पार्टी त्याच्यामागं बंद पडली नाही. वर्षातून मोजक्या वेळा न्यूयॉर्कला ती अजून होते, फुगे बांधून, खाणं मांडून. रेकॉर्ड संपली की लगेच दुसरी लावत नाहीत. क्षणभर शांतता असते. नाचणारे त्या शांततेत रेकॉर्डला टाळ्या देतात.

यंदा आमच्या मंडळाच्या सभेत मी सुचवलं की कमानीवर खोक्यांचा आकडा लिहिता तसं खाली त्या ऑपरेटर पोराचं नाव लिहा. कुणी विरोध केला नाही. खजिनदारांनी फक्त विचारलं, "नाव कुणाला माहितेय?" नव्हतं माहीत. मलाही नव्हतं. मिरवणुकीच्या रात्री मी टेम्पोच्या मागं गेलो, वडापावचा कागद पुढं केला आणि विचारलं. त्यानं कापसाचे बोळे काढले, नाव सांगितलं, आणि विचारलं, "काका, फर्माईश काय आहे?" मी म्हणालो, तुला आवडतं ते लाव. तो थोडा गोंधळला. मग त्यानं आवाज उतरवला आणि लॅपटॉपमध्ये बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. मंडळाचे कार्यकर्ते ओरडत आले तोवर त्याला ते सापडलं नव्हतं.

तुमच्या गल्लीतून पुढच्या वर्षी टेम्पो जाईल तेव्हा खोके मोजू नका. मागं जा, त्या पोराला नाव विचारा. आणि जाताना त्याच्यासाठी औषधाच्या दुकानातून कानात घालायचे धड प्लग घेऊन जा, कापसानं काही होत नाही.